ड्राय बाल्कनीची आखणी : तीन फूट रुंदीत धुणे, भांडी आणि वाळवण कसे बसवावे

पुण्या-मुंबईकडच्या एक आणि दोन बीएचके सदनिकांमध्ये स्वयंपाकघराला लागून जी अरुंद ड्राय बाल्कनी असते, तिच्यावर घरातील कष्टाच्या कामांचा बराचसा भार पडतो, आणि तरीही घर घेताना तिची मोजमापे क्वचितच कोणी विचारतो. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्यानुसार चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) मोजताना बाल्कनी वगळली जाते. त्यामुळे ज्या आकड्यावर सारा सौदा ठरतो त्यात ती दिसत नाही आणि नकाशाच्या एका कोपऱ्यात, साधारण तीन फूट रुंद व पाच ते सात फूट लांब, अशी ती राहून जाते. ताबा मिळाल्यावर याच जागेत वॉशिंग मशीन, भांडी घासण्याची सोय, जादा सिलिंडर, कचऱ्याचे डबे, झाडू आणि मॉप, पाण्याचे पिंप, वाळत घातलेले कपडे आणि माळ्यावर न मावलेली खोकी असे सगळे येऊन थांबते.

ही जागा अपुरी पडते त्याचे कारण फळ्या कमी आहेत हे बहुधा नसते. ओल्या आणि कोरड्या वस्तू एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि माणसाला उभे राहून वाकण्यापुरती मोकळी फरशी उरलेली नसते, ही खरी अडचण असते. म्हणून येथे दिलेल्या क्रमात पाण्याची वाट आधी, यंत्र त्यानंतर आणि फळ्या जवळजवळ शेवटी येतात. उदाहरणासाठी ९० सेंमी रुंद आणि १८० सेंमी लांब, म्हणजे तीन बाय सहा फुटांची बाल्कनी धरली आहे. आपली बाल्कनी थोडी लहान-मोठी असली तरी हिशेबाची पद्धत तीच राहील.

पहिली पायरी : मोजणे आणि बादलीभर पाणी ओतणे

चौकटीच्या वहीच्या पानावर एक चौकट म्हणजे १० सेंमी असे धरून बाल्कनीचा आराखडा काढावा. रुंदी दोन ठिकाणी मोजावी, एकदा फरशीलगत आणि एकदा कठड्याच्या उंचीवर, कारण उभे पाइप, कठड्याची जाडी आणि टाइल्सचा थर यांमुळे या दोन मापांत फरक पडतो, आणि यंत्र दुकानातून घरी आल्यावर तो कळणे महागात पडते. नहाणी ट्रॅप (फरशीवरचे पाणी गटारात जाण्याचे जाळीदार तोंड), नळ, सॉकेट, खिडकीची चौकट आणि वरची तुळई यांच्या जागा आराखड्यावर मांडाव्यात. दार कोणत्या बाजूला आणि किती उघडते हेही काढावे. ७५ सेंमीचे दार बाल्कनीच्या आत उघडत असेल तर ते फरशीच्या बऱ्याच भागावरून फिरते, आणि त्या भागात काहीही ठेवता येत नाही. अशा वेळी बिजागऱ्यांची बाजू बदलून दार स्वयंपाकघरात उघडेल असे करणे किंवा सरकते दार बसवणे हा या संपूर्ण कामातील सर्वांत फायदेशीर खर्च ठरतो.

त्यानंतर रिकाम्या फरशीवर बादलीभर पाणी ओतावे आणि ते कोठे जाते हे पाहावे. फरशीला नहाणी ट्रॅपच्या दिशेने दर मीटरला सुमारे एक सेंमी उतार हवा. जेथे पाणी साचून राहील तेथे खडूने रेघ मारून ठेवावी. त्या रेघेच्या आत लाकडी, लोखंडी किंवा पुठ्ठ्याचे काहीही येणार नाही, हा या आराखड्याचा पहिला नियम समजावा. उतार उलटाच असेल, म्हणजे पाणी स्वयंपाकघराकडे येत असेल, तर कोणतेही फर्निचर करण्याआधी लादी उखडून जलरोधक थरासह उतार नीट करून घ्यावा. हे काम नंतर करायचे ठरल्यास सगळी मांडणी पुन्हा उचलावी लागते, आणि दरम्यानच्या काळात खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला ओल धरलेली असते.

दुसरी पायरी : कोणी राहायचे आणि कोणी जायचे

ज्या वस्तूला पाणी लागते, जी वस्तू ओली असते किंवा जिचा वापर रोज येथेच होतो, तीच येथे राहावी. या कसोटीवर वॉशिंग मशीन, बादल्या, टब, घासण्या, साबण, झाडू, मॉप आणि कचऱ्याचे डबे उतरतात. जुन्या बॅगा, दिवाळीचे आकाशकंदील, रद्दी आणि रंगाचे उरलेले डबे उतरत नाहीत. ते बेडरूमच्या माळ्यावर किंवा पलंगाखाली जावेत, नाहीतर घराबाहेर जावेत. कांदे-बटाट्यांची टोपली पुष्कळ घरांत याच बाल्कनीत दिसते, पण धुण्याच्या दमट हवेत कांदे सडतात आणि बटाट्यांना कोंब येतात. त्यांना स्वयंपाकघरातच, हवा खेळेल अशा वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवणे बरे.

पाण्याच्या पिंपाबाबत स्वतंत्र विचार करावा. २०० लिटरचे भरलेले पिंप म्हणजे २०० किलोंहून अधिक वजन, तेही कधी कधी भिंतीबाहेर काढलेल्या स्लॅबच्या टोकाशी. निवासी इमारतीच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकात प्रति चौरस मीटर सुमारे ३०० किलोंचा भार धरलेला असतो, परंतु तो नीट बांधलेल्या आणि नीट राखलेल्या स्लॅबसाठी असतो. तीस-चाळीस वर्षे जुन्या, प्लास्टर सुटलेल्या बाल्कनीसाठी त्या आकड्यावर विसंबू नये. पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर ५० लिटरचे पिंप कठड्याकडे न ठेवता आतल्या भिंतीला लागून ठेवावे.

तिसरी पायरी : पाण्याची वाट

नहाणी ट्रॅप यंत्राखाली किंवा कपाटाखाली झाकला जाता कामा नये. तो हाताने उघडता आला पाहिजे, कारण कपड्यांचे तंतू, केस आणि साबणाची साय त्यात सतत अडकते. ट्रॅपमध्ये साधारण ५ सेंमी पाणी कायम उभे असते आणि त्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळे वर येत नाहीत. घर काही आठवडे बंद राहिल्यावर ते पाणी आटते. परतल्यावर वास आला तर फिनेल ओतण्याआधी दोन तांबे साधे पाणी ओतून पाहावे.

यंत्राचा सांडपाण्याचा नळ सरळ फरशीवर टाकून देण्याची सवय सर्वत्र आहे. पंप असलेल्या फ्रंट लोड यंत्रात हा नळ जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंमी उंचीवरून वळवून मगच खाली आणायचा असतो. तो खालीच पडलेला असेल तर भरलेले पाणी आपोआप ओढले जाऊन वाहत राहते, यंत्र पुन्हा पाणी घेते आणि धुणे संपतच नाही. भिंतीला क्लॅम्प लावून दीड ते दोन इंची उभा पीव्हीसी पाइप नहाणीपर्यंत आणावा आणि यंत्राचा नळ त्याच्या तोंडात सैल सोडावा. तोंड टेपने गच्च बंद करू नये. पंप नसलेल्या टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिक यंत्रांत मात्र याच्या उलट, नळ खालीच असावा लागतो. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे माहितीपुस्तिकेत पाहूनच प्लंबरला बोलवावे.

येणाऱ्या पाण्याच्या दाबाचाही येथेच विचार करावा. पुष्कळ फ्रंट लोड यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो, म्हणजे गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी यंत्राच्या नळापेक्षा तीन ते पाच मीटर उंच हवी. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना एवढी उंची बहुधा मिळत नाही. त्यांनी एक तर कमी दाबावर चालणारे यंत्र घ्यावे किंवा छोटा प्रेशर पंप बसवावा.

चौथी पायरी : यंत्र कोठे आणि कोणते

सात किलो क्षमतेचे फ्रंट लोड यंत्र साधारण ६० सेंमी रुंद, ५० ते ५५ सेंमी खोल आणि ८५ सेंमी उंच असते. मागच्या नळ्यांसाठी आणखी १० सेंमी सोडावे लागतात. आपल्या उदाहरणातील बाल्कनीत हे यंत्र अरुंद टोकाच्या भिंतीला पाठ लावून ठेवले तर लांबीतील ६५ सेंमी जातात आणि ११५ सेंमी उरतात. यंत्राचे दार सुमारे ५० सेंमी बाहेर येते, त्याच्यापुढे माणूस बसून कपडे काढू शकतो आणि बाजूला ३० सेंमीची एक उभी पट्टी शिल्लक राहते. हीच पट्टी पुढे झाडू, मॉप आणि बादल्यांसाठी उपयोगी पडते. याउलट यंत्राची पाठ लांब भिंतीला लावली तर ९० पैकी ६५ सेंमी व्यापले जातात, समोर जेमतेम २५ सेंमी उरतात आणि यंत्राचे दार कठड्याला आपटते.

टॉप लोड यंत्राला पुढे मोकळी जागा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे; पण झाकण उघडल्यावर त्याची उंची १२५ ते १४० सेंमीपर्यंत जाते, म्हणून त्याच्या वर कपाट करायचे असल्यास ते या उंचीच्या वर सुरू झाले पाहिजे. फ्रंट लोडच्या माथ्यावर मात्र कपड्यांच्या घड्या घालायला किंवा टब ठेवायला एक ओटाच मिळतो. माझे मत असे की तीन फुटांपेक्षा अरुंद बाल्कनीत टॉप लोड आणि त्याहून रुंद बाल्कनीत फ्रंट लोड घ्यावे. धुण्याच्या दर्जाविषयीची चर्चा त्यानंतर करावी.

यंत्राखाली चाकांचे स्टँड ठेवण्याचा मोह टाळावा. फ्रंट लोड यंत्र ६० ते ७५ किलोंचे असते आणि पिळताना मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेते; चाकांवर ते सरकते, नळ्या ओढल्या जातात आणि आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. त्याऐवजी विटा-सिमेंटचा चार इंची भरीव ओटा करून त्यावर कडप्पा बसवावा आणि यंत्राचे चारही पाय पाणसळ लावून समपातळीत आणावेत. फरशी धुतल्यावर पाणी यंत्राच्या बुडाला लागत नाही, हा आणखी एक लाभ.

पाचवी पायरी : वीज

पाणी गरम करणाऱ्या यंत्राचा हीटर सुमारे २,००० वॅटचा असतो. त्याला १६ अँपिअरचे, चांगले अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेट हवे. सॉकेट फरशीपासून सुमारे १२० सेंमी उंचीवर, नळापासून शक्य तितके दूर आणि झाकण असलेले घ्यावे. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे सुरक्षा स्विच) नसेल तर ओल्या जागेत यंत्र चालू करण्याआधी ते बसवून घ्यावे. स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून यंत्र चालवू नये, ‘तात्पुरते’ म्हणूनही नाही.

सहावी पायरी : गॅस

१४.२ किलो एलपीजीचे भरलेले सिलिंडर एकूण ३० किलोंच्या आसपास भरते आणि सुमारे ३२ सेंमी व्यासाची जागा घेते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो फरशीलगत साचतो. म्हणून जादा सिलिंडर येथे ठेवायचे असेल तर ते उभे, त्याची सुरक्षा टोपी लावलेली आणि ज्या बाजूला हवा खेळते तेथे असावे. कपाटात असेल तर कपाटाला खाली फरशीलगत आणि वरच्या बाजूला जाळी असलीच पाहिजे. सिलिंडरशेजारी यंत्राचे सॉकेट किंवा इन्व्हर्टरची बॅटरी असू नये. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि स्विच उघडझाप करताना ठिणगी पडू शकते. चालू सिलिंडर बाल्कनीत ठेवून रबरी नळी भिंतीतील भोकातून ओट्याकडे नेण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण भिंतीतील भागाला चीर गेली तरी ती दिसत नाही. असे करायचेच असेल तर गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून तांब्याचा पाइप बसवून घ्यावा. पाइप गॅस आलेल्या सोसायट्यांत ही सर्व जागा मोकळी होते, आणि ती ताबडतोब दुसऱ्या कशाने भरून न टाकणे शहाणपणाचे.

गॅस गिझर याच बाल्कनीत असेल तर सरकत्या काचा लावून बाल्कनी पूर्ण बंद करण्याचा विचार सोडून द्यावा. गिझरच्या ज्वालेला ताजी हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. एसीचे बाहेरचे युनिट बंद बाल्कनीत असले तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत राहते आणि वीजबिल वाढते. पावसाची झड अडवण्यासाठी वरच्या भागात तिरकी पट्ट्यांची झडप आणि कबुतरांसाठी जाळी एवढे बहुधा पुरते. त्यापलीकडे काही करायचे असल्यास सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी लागते.

सातवी पायरी : भिंती

आता फळ्यांकडे वळावे. भिंतीचे उंचीनुसार तीन भाग करावेत. फरशीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग ओला असतो. तेथे प्लॅस्टिक, स्टील आणि कडप्पा यांखेरीज काही नसावे. कमरेपासून डोक्यापर्यंतचा भाग रोजच्या हाताळणीचा असतो आणि तेथे खोली कमी ठेवणे फार महत्त्वाचे आहे. २० सेंमी खोलीच्या फळीवर साबणाची पिशवी, ब्लीच, घासण्या आणि चिमट्यांचा डबा सहज बसतो. ३५ सेंमीची फळी केली तर येता-जाता खांदा आपटतो आणि मागच्या रांगेतील वस्तू कोणाला आठवत नाहीत. डोक्याच्या वरच्या भागात महिन्यातून एकदा लागणाऱ्या वस्तू, म्हणजे साबणाचा जादा साठा, कोळ्याची जाळी काढायचा झाडू आणि पावसाळी चटया.

सामग्रीत काटकसर करायची असेल तर ती दारांत करावी, फळीच्या पाटात करू नये. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ एका पावसाळ्यात फुगतात. मरीन प्लाय चालते, पण तिच्या कापलेल्या सर्व कडा बंद केलेल्या असाव्यात. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाचा) बोर्ड पाण्याला दाद देत नाही, मात्र लांब फळीला मध्ये आधार नसेल तर तो वाकतो. आपल्याकडची जुनी कडप्प्याची फळी आजही उत्तम आहे, फक्त २० मिमी जाडीचा कडप्पा प्रति चौरस फूट पावणेपाच किलोंच्या आसपास भरतो हे ध्यानात ठेवून तो भिंतीत रुतवावा किंवा भक्कम ब्रॅकेटवर ठेवावा. नव्या इमारतींच्या भिंती हलक्या सिपोरेक्स ठोकळ्यांच्या असतात. त्यांत नेहमीचा प्लॅस्टिक प्लग काही महिन्यांत सैल होतो. अशा ठोकळ्यांसाठी वेगळे अँकर मिळतात, ते मागून घ्यावेत.

झाडू आणि मॉप टांगून ठेवण्यासाठी यंत्राच्या बाजूची ३० सेंमीची पट्टी वापरावी. मॉपचे ओले टोक खाली आणि फरशीपासून हातभर वर असावे म्हणजे ते वाळते व कुबट वास येत नाही. ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे दाराजवळ असावेत, कारण स्वयंपाक करणारी व्यक्ती ओल्या फरशीवरून चार पावले चालत जाण्याऐवजी ओट्यावर कचरा साठवते, आणि त्याला तिचा इलाज नसतो.

आठवी पायरी : छत आणि वाळवण

छताला टांगून दोरीने खाली-वर करता येणाऱ्या नळ्यांचे सीलिंग हँगर ही अरुंद बाल्कनीसाठी सर्वांत उपयुक्त वस्तू होय. ते अँकर फास्टनरने थेट स्लॅबला लावावे. सात किलो कपडे बाराशे फेऱ्यांवर पिळल्यावरही त्यांत जवळजवळ निम्म्या वजनाचे पाणी उरते, म्हणजे हँगरवर साडेदहा-अकरा किलो भार येतो, आणि फॉल्स सीलिंगची पट्टी तो पेलत नाही. दोन नळ्यांत किमान १५ सेंमी अंतर ठेवावे. सहा नळ्या दाटीने लावण्यापेक्षा चार नळ्या सुट्या लावल्या तर कपडे लवकर वाळतात. चादर आणि साडी बाहेरच्या, उजेडाकडच्या नळीवर टाकावी. मोजे, रुमाल आणि लहान मुलांचे कपडे चिमट्यांच्या गोल हँगरला लावून आतल्या नळीवर.

जून ते सप्टेंबर या काळात कोकणपट्टीत कपडे वाळण्याला हवेचा झोत लागतो, उष्णता नव्हे. भिंतीवरचा लहान पंखा दोन तास चालवला तर दुसऱ्या कपडेस्टँडची गरज उरत नाही. या वेळी स्वयंपाकघराचे दार बंद आणि बाहेरची खिडकी उघडी असावी; नाहीतर ओल घरात येते आणि फोडणीचा वास धुतलेल्या कपड्यांत जातो.

नववी पायरी : वेळेची वाटणी

इतके करूनही एकच व्यक्ती उभी राहू शकेल एवढीच फरशी उरते, म्हणून ती वेळेनुसार वाटून घ्यावी लागते. सकाळी पाणी भरणे, त्यानंतर मावशी भांडी घासून जाईपर्यंत यंत्र बंद, दुपारी धुणे आणि संध्याकाळच्या फोडणीआधी वाळलेले कपडे उतरवणे असा क्रम बहुतेक घरांना जमतो. नोकरी करणाऱ्या जोडप्यांनी यंत्राचा विलंबाने सुरू होणारा टायमर वापरून धुणे पहाटे लावावे, मात्र शेजाऱ्यांची झोप लक्षात घेऊन पिळणे सहाच्या आत येणार नाही असे पाहावे. मावशींना बसून भांडी घासण्याची सवय आहे की उभ्याने, हे सिंक बसवण्याआधी त्यांनाच विचारावे. काम त्या करणार असतात. बसून घासायचे असल्यास किमान ७५ सेंमी बाय ७५ सेंमी मोकळी फरशी आणि ३० सेंमी उंचीवरचा नळ लागतो, उभ्याने घासायचे असल्यास ८० ते ८५ सेंमी उंचीचे सिंक लागते आणि त्याखाली बादल्या बसतात.

बाल्कनीच नसेल किंवा घर भाड्याचे असेल तर

चाळीतील खोलीत किंवा जुन्या इमारतीत हे सगळे काम मोरीतच होते. तेथे सेमी ऑटोमॅटिक यंत्राला पर्याय नाही असे माझे मत आहे, जाहिराती काहीही सांगोत. ते वजनाला हलके असते, चाकांवर मोरीपर्यंत ओढता येते, बादलीने भरता येते, नळाचा दाब मागत नाही आणि काम झाल्यावर खाटेशेजारी परत जाते. मोरीच्या कठड्यावर पडणारी घडीची फळी बसवली तर मोरी रिकामी असताना तेथेच कपड्यांच्या घड्या घालता येतात.

भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडता येत नसतील तर यंत्राभोवती उभे राहणारे पावडर कोटिंग केलेले लोखंडी रॅक घ्यावे, दाराच्या वरच्या कडेला अडकवायचे हुक वापरावेत आणि दोन भिंतींमध्ये दाबून बसणारी स्प्रिंगची नळी हलक्या कपड्यांपुरतीच वापरावी. चिकटवायचे हुक चकचकीत टाइलवर टिकतात, रंगवलेल्या भिंतीवरून मात्र पापुद्र्यासह निघून येतात. घर सोडताना रॅक सुटे करून नेता येते. म्हणून त्याची रुंदी आजच्या बाल्कनीपेक्षा यंत्राच्या मापाला धरून निवडावी आणि नटबोल्टची पिशवी रॅकच्याच पायाला बांधून ठेवावी.